चक्कर आणि तपासण्यांचा फेरा

(पंचायत समिती सदस्य, प्राथमिक शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तोल बिघडण्याच्या अनुभवाला मराठीत शब्दांची वाण नाही. गरगरणे, भोवळ येणे, घेरी येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, झोक जाणे, भिरभिरल्यासारखे होणे असे कितीतरी शब्द खेड्यापाड्यांतील माणसे रोज वापरतात. प्रांताप्रांतांत त्यांच्या अर्थच्छटा थोड्याफार बदलतात. पण घरातल्या माणसांपाशी बोलताना कोणता शब्द वापरायचा हे प्रत्येकाला नेमके कळते. दवाखान्याची पायरी चढली की मात्र हे सारे शब्द मागे राहतात आणि रुग्ण एकच वाक्य उच्चारतो, "डॉक्टर, चक्कर येते." अनावश्यक तपासण्यांचा आणि उपचारांचा जो फेरा पुढे सुरू होतो, त्याचे मूळ पुष्कळदा या एका मोघम शब्दात असते.

सभोवतालचे घर गरगर फिरल्यासारखे वाटणे हा बहुधा अंतर्कर्णाचा, म्हणजे कानाच्या आतल्या भागाचा, विकार असतो. बसल्या जागेवरून उठताच अंधारी येत असेल तर रक्तदाब उतरणे, रक्तक्षय, उपवास किंवा रक्तदाबाच्याच गोळ्यांची जादा मात्रा यांचा विचार करावा लागतो. घेरी येऊन क्षणभर शुद्ध हरपत असेल तर प्रथम हृदयाची तपासणी हवी. अंथरुणावर पडून असताना काहीच त्रास नाही, पण चालू लागले की झोक जातो, अशी वृद्धांची तक्रार असेल तर मधुमेहाने बधिर झालेले पाय, अधू दृष्टी आणि वार्धक्य यांकडे पाहावे लागते. या चारही रुग्णांना एकच यंत्र दाखवून आणि एकच गोळी देऊन काय साधणार? पाच मिनिटे विचारपूस करणे ही चक्करेची पहिली तपासणी होय. तिला पैसा लागत नाही आणि नेमकी तीच वगळली जाते.

पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या शेतकरी स्त्रीची कल्पना करावी. पहाटे कूस बदलताच छप्पर फिरू लागते. पोटात ढवळते, ओकारी येते. अर्ध्या मिनिटात गरगरणे थांबते. परंतु उठताना, वर फळीवरचा डबा काढताना, वाकून केर काढताना ते पुन्हा उसळते. घरची माणसे घाबरून तिला तालुक्याच्या गावी नेतात. तेथे सलाईन लावले जाते, इंजेक्शन दिले जाते. दुसऱ्या दिवशी मानेचे क्ष-किरण छायाचित्र काढले जाते आणि मणक्यात 'गॅप' असल्याचे सांगून गळ्यात पट्टा बांधला जातो. चक्कर थांबत नाही. मग कोणीतरी जिल्ह्याच्या ठिकाणी मेंदूचा सीटी स्कॅन काढण्याचा सल्ला देते. त्यासाठी हातउसने पैसे घेतले जातात, बरोबरच्या माणसाची मजुरी बुडते. अहवाल निर्दोष येतो. शेवटी महिना-दोन महिन्यांच्या गोळ्या बांधून घेऊन ती घरी परतते आणि कूस बदलताच छप्पर पुन्हा फिरते.

या स्त्रीला झालेला विकार हा गरगरण्याच्या विकारांपैकी सर्वांत अधिक आढळणारा विकार आहे. अंतर्कर्णात तोल सांभाळणारी जी इंद्रिये आहेत, त्यांपैकी एका भागात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे, अतिसूक्ष्म स्फटिक असतात. वयोमानाने, डोक्याला मार लागल्याने किंवा कित्येकदा काही कारण न दिसताही हे कण सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत उतरतात. डोके हलले की ते नलिकेतील द्रवात घरंगळतात. डोके स्थिर झाले तरी ते क्षणभर सरकत राहतात आणि आपण अद्याप फिरतच आहोत असा चुकीचा संदेश मेंदूला मिळतो. मेंदूत किंवा मानेत बिघाड नसतो. म्हणूनच स्कॅन निर्दोष येतो, आणि म्हणूनच तो काढण्याचे कारणही नसते.

मग निदान कसे करावयाचे? लंडन येथील क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयातील मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक या दोघा डॉक्टरांनी १९५२ साली त्याची रीत सविस्तर वर्णन केली. रुग्णाला तपासणीच्या खाटेवर बसवावे, मान एका बाजूस ४५ अंश वळवावी आणि डोके खाटेच्या कडेखाली किंचित लोंबेल अशा बेताने त्याला चटकन उताणे निजवावे. दोषी कान खालच्या बाजूला असेल तर काही सेकंदांत गरगरणे सुरू होते आणि रुग्णाची बुबुळे एका ठराविक दिशेने झटके देऊ लागतात. एका मिनिटाच्या आत ते शमते. निदान तेथेच पुरे होते. याला एक खाट आणि डॉक्टरांची जागरूक नजर एवढेच साहित्य पुरते, आणि खाट तर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असते.

उपचारही तितकाच साधा आहे. अमेरिकेतील पोर्टलंड येथील डॉ. जॉन एप्ली यांनी असा विचार केला की, जे कण डोके हलल्याने नलिकेत उतरले, ते डोके योग्य क्रमाने फिरवून पुन्हा स्वस्थानी का नेता येऊ नयेत? ही कल्पना त्यांनी १९८० साली मांडली तेव्हा व्यवसायबंधूंनी तिच्यावर सहजी विश्वास ठेवला नाही. त्यांचा निबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला आणि आज ही रीत जगभर शिकवली जाते. रुग्णाचे डोके टप्प्याटप्प्याने वळवावयाचे, प्रत्येक स्थितीत अर्धा-एक मिनिट थांबावयाचे आणि शेवटी त्याला उठून बसवावयाचे. या विकारात बहुसंख्य रुग्णांना एकदोन वेळच्या या क्रियेने आराम पडतो. काहींना महिन्या-वर्षांनी त्रास पुन्हा होतो; तेव्हा क्रिया पुन्हा करता येते. पहिल्या वेळी मात्र ती जाणकाराकडूनच करून घ्यावी, कारण कोणता कान आणि कोणती नलिका दोषी आहे हे ठरल्यावाचून डोके वळवण्याला अर्थ नाही. मानेचा गंभीर विकार असलेल्यांच्या बाबतीत विशेष काळजीही घ्यावी लागते.

मानेच्या पट्ट्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. मध्यम वय उलटलेल्या माणसाच्या मानेचे छायाचित्र काढले तर मणक्यांची झीज बहुधा दिसतेच. जिला कधी चक्कर आली नाही अशा व्यक्तीच्या छायाचित्रातही ती दिसते. केस पांढरे होतात तसा तो वयाचा भाग आहे. पांढऱ्या केसांमुळे चक्कर येते असे कोणी म्हणत नाही, एवढाच फरक. शिवाय कणांचा हा विकार कित्येकदा काही आठवड्यांत आपोआपही शमतो. त्या सुमारास गळ्यात पट्टा असेल तर श्रेय पट्ट्याला मिळते आणि शेजारणीला चक्कर आली की तिलाही तोच पट्टा सुचवला जातो.

चक्करेचा दोष चुकीच्या इंद्रियावर टाकण्याची ही परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातही अशा झटक्यांना मेंदूत रक्त साचल्याचे लक्षण मानीत आणि रुग्णाचे रक्त काढीत, त्याला जळवा लावीत. पॅरिसमधील बहिऱ्यांच्या संस्थेत काम करणारे डॉ. प्रोस्पर मेनिए यांनी १८६१ साली असे प्रतिपादन केले की, ज्यांना चक्करेबरोबर कानात आवाज येतो आणि ऐकू कमी येते त्यांचा दोष कानात आहे. रक्त काढून त्यांना उगाच दुबळे करू नये. पुढे व्हिएन्नाच्या डॉ. रॉबर्ट बारानी यांच्या ध्यानी आले की, कान धुताना पाणी थंड असले तर रुग्णाला चक्कर येते, गरम असले तरीही येते, पण दोन्ही वेळी बुबुळांचे झटके विरुद्ध दिशांना असतात. या साध्या निरीक्षणातून अंतर्कर्णाच्या परीक्षेचे शास्त्र उभे राहिले. बारानींना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते महायुद्धात पकडले जाऊन रशियात युद्धकैदी होते. कूस बदलताना येणाऱ्या गरगरण्याचे नेमके वर्णनही त्यांनीच १९२१ साली केले. (कानातील मळ पाण्याने धुताना ते अंगाइतके कोमट का असावे, याचे उत्तरही त्यांच्या निरीक्षणात आहे.)

आता सीटी स्कॅनकडे वळू. डोक्याच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण २ मिलिसिव्हर्ट एवढा किरणोत्सर्ग शरीराला मिळतो. गरज असेल तेव्हा तो स्वीकारण्यात काहीच गैर नाही. परंतु चक्करेच्या बाबतीत या तपासणीत आणखी एक धोका आहे आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. तोल सांभाळणारा छोटा मेंदू कवटीच्या मागच्या, जाड हाडांनी वेढलेल्या भागात असतो. तेथील रक्तपुरवठा खुंटून होणारा मेंदूचा झटका पहिल्या तासांत सीटी स्कॅनवर पुष्कळदा दिसतच नाही. म्हणजे ज्याला तपासणीची गरज नाही त्याचा पैसा जातो आणि ज्याला खरा धोका आहे त्याला निर्दोष अहवालाचा खोटा दिलासा मिळतो. अशा वेळी एमआरआय अधिक उपयोगी पडतो. सतत गरगरणाऱ्या रुग्णाच्या डोळ्यांच्या हालचालींची पद्धतशीर पाहणी पारंगत डॉक्टरांनी केली, तर सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही ती अधिक अचूक ठरू शकते, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

तेव्हा कोणत्या रुग्णाला क्षणभरही थांबवू नये हे गावातील जबाबदार व्यक्तींना पाठ असावयास हवे. चक्करेबरोबर जीभ जड होऊन बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडे झाले, हातापायांतील शक्ती गेली किंवा ते बधिर झाले, आधाराशिवाय उभेच राहता येईना, पूर्वी कधी नव्हे असे तीव्र डोके वा मान दुखू लागली, शुद्ध गेली, अथवा चक्करेबरोबर एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर घरगुती उपाय करीत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि मेंदूच्या झटक्यावर उपचार होतील अशा रुग्णालयात रुग्ण न्यावा. अनावश्यक तपासण्या टाळा असे सांगणाऱ्याने हे आधी सांगितले पाहिजे. नाहीतर काटकसरीच्या नावाखाली एखाद्याचा जीव जायचा.

औषधांचीही हीच गत आहे. चक्कर दाबून टाकणाऱ्या प्रोक्लोरपेरझिन, सिनारिझिन यांसारख्या गोळ्या अचानक आलेल्या तीव्र झटक्यात एकदोन दिवस उपयोगी पडतात; ओकाऱ्या थांबतात, रुग्णाला झोप लागते. त्या महिनोन्महिने चालू ठेवल्या तर मात्र तोल नव्याने सावरण्याची मेंदूची नैसर्गिक क्रिया मंदावते. वृद्धांना गुंगी येते, ते पडतात. काहींच्या हातांना कंप सुटतो, अंग ताठरते, चाल मंदावते. मग कंपवात झाला म्हणून त्यावर आणखी औषध सुरू होते आणि मूळची गोळी तशीच राहते! विशिष्ट स्फटिकांच्या विकारात तर या गोळ्या नित्य देऊ नयेत आणि सरसकट स्कॅनही काढू नयेत, असे अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २००८ साली आणि पुन्हा २०१७ साली आपल्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे. बेटाहिस्टिन हे आपल्याकडे अतिशय खपणारे औषध. मेनिए यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात त्याचा उपयोग पाहण्यासाठी जर्मनीत २२१ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांत आणि औषधाचा अंश नसलेली गोळी घेणाऱ्यांत झटक्यांच्या संख्येचा लक्षणीय फरक आढळला नाही. एकाच चाचणीवरून औषध मोडीत काढावे असे नाही. पण ते वर्षानुवर्षे का घ्यावयाचे, हे विचारण्याचा अधिकार रुग्णाला निश्चितच आहे.

कानाच्या विकारांत एक विकार असा आहे की, जेथे अनावश्यक ते लगेच होते आणि आवश्यक तेच राहून जाते. सकाळी उठावे आणि एका कानाने ऐकू येईनासे व्हावे. मळ दाटला असेल, सर्दीने कान भरला असेल असे समजून तेल सोडले जाते, आठवडे जातात. हा आकस्मिक बहिरेपणा असू शकतो. येथे मेंदूचा सीटी स्कॅन सरसकट उपयोगाचा नाही, हे २०१२ व २०१९ च्या मार्गदर्शिकांत स्पष्ट आहे. हवा असतो तो श्रवणालेख, म्हणजे ऑडिओग्राम, आणि तोही त्वरेने. स्टेरॉइडचा उपचार करावयाचा तर तो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला पाहिजे. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा नादकाटा कपाळावर टेकवून डॉक्टर प्राथमिक अंदाज करू शकतात. आवाज चांगल्या कानाकडे ऐकू आला तर मज्जातंतूचा दोष संभवतो, बिघडलेल्या कानाकडे आला तर मळ किंवा पडद्यामागील द्रव. ही परीक्षा मिनिटाची आहे.

शिक्षकांच्या दृष्टीने मुलांचे कान अधिक महत्त्वाचे. सर्दीनंतर पडद्याच्या मागे द्रव साचून मुलाला काही दिवस कमी ऐकू येते. ते चुकीची उत्तरे देते, खोडकर किंवा मंद ठरवले जाते. या साचलेल्या द्रवावर सर्दीच्या गोळ्या, सिरप आणि प्रतिजैविके यांचा उपयोग होत नाही हे आता सिद्ध झाले आहे. बहुतेक मुलांत तो तीन महिन्यांत आपोआप निचरतो. तोवर मुलाला पहिल्या बाकावर बसवावे, त्याच्याकडे तोंड करून बोलावे. तीन महिन्यांनीही ऐकण्यात फरक नसेल तर मात्र श्रवणचाचणी आणि तज्ज्ञांचा सल्ला हवाच. ज्याला आधीपासून बोलण्यात किंवा शिकण्यात अडचण आहे अशा मुलाच्या बाबतीत तीन महिनेही थांबू नये.

कान वाहत असेल तर तो कोरडा ठेवणे आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब घालणे हा पुष्कळदा पोटातून घ्यावयाच्या प्रतिजैविकांपेक्षा सरस उपाय ठरतो, कारण औषध थेट रोगाच्या जागी पोचते. दुर्गंधीयुक्त, थोडा थोडा, सतत येणारा स्राव हे मात्र हाड पोखरणाऱ्या विकाराचे लक्षण असू शकते. त्याला थेंब पुरे पडत नाहीत, शस्त्रक्रिया लागते, आणि ती टाळली तर संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तेल, काडी, केसातील आकडा आणि बाजारात बसणारा कानकोरणाऱ्या माणसाचा चिमटा यांचा उल्लेख करून पुढे जावे हे बरे. त्यांचे दुष्परिणाम प्रत्येक गावाने पाहिलेले आहेत.

कानातील किणकिण दोन्ही बाजूंना सारखी असेल आणि ऐकू व्यवस्थित येत असेल तर स्कॅनची आवश्यकता नसते. ती एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर ऐकू येत असेल तर चौकशी हवी.

हे सारे घडते का, असा प्रश्न उरतो. दोष एकट्या डॉक्टरांवर टाकून चालणार नाही. मोठे यंत्र म्हणजे मोठा उपचार, अशी रुग्णाची समजूत असते. सलाईन न लावता केवळ मान वळवून पाठवणाऱ्या डॉक्टरविषयी घरी परतताना कुरकूर होते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटे विचारपूस करणे अवघड आणि चिठ्ठीवर तपासणी लिहिणे सोपे असते. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. तो रुग्णांच्या हिताचाच होता. पण आपल्यावर ठपका येऊ नये म्हणून एखादी तपासणी जादा लिहून ठेवण्याची वृत्तीही काही ठिकाणी बळावली. रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली देणे-घेणे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी निषिद्ध ठरवले आहे आणि महाराष्ट्रात २०१७ साली या 'कट'च्या प्रथेविरुद्ध विधेयकाचा मसुदाही तयार करण्यात आला होता. असा मसुदा करावा लागला, यातच काय ते आले. अमेरिकेत २०१२ साली तज्ज्ञांच्या संघटनांनीच एकत्र येऊन, आपापल्या शाखेतील कोणत्या तपासण्यांविषयी रुग्णाने प्रश्न विचारावा, याच्या याद्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढच्याच वर्षी कान-नाक-घसा तज्ज्ञही त्यात सामील झाले. व्यवसायाने स्वतःहून हा आरसा धरावा ही गोष्ट अनुकरणीय आहे.

आपल्याकडे राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००७ पासून सुरू आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवणदोषांच्या क्षेत्रात काम करते. पंचायत सदस्यांनी आपल्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून दोन गोष्टी विचाराव्यात. कूस बदलताना येणाऱ्या चक्करेची खाटेवरील परीक्षा येथे होते काय, आणि श्रवणालेखासाठी रुग्णाला नेमके कोठे व कोणत्या वारी पाठवावे? उत्तर मिळेल ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे.

रुग्णाबरोबर जाणाऱ्याने एक चिठ्ठी खिशात ठेवावी. चक्कर प्रथम केव्हा आली, ती सेकंद टिकते, तास टिकते की दिवस, कूस बदलताना येते की उभे राहताना, कोणत्या कुशीवर अधिक येते, ऐकण्यात किंवा कानातील आवाजात फरक पडला काय आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढे तीवर लिहावे. कोणी एखादी तपासणी सुचवली तर तिचा निष्कर्ष काहीही आला तरी उपचारात फरक पडणार आहे काय, हा प्रश्नही चिठ्ठीच्या शेवटी लिहून ठेवावा आणि तो नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारावा.